चिनी तिकिटं: बहिष्काराचा वाद आणि हाँगकाँगचा बाजार

जून २०२० मध्ये गलवान घडलं, आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या टपाल तिकीट संग्राहकांत एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, चिनी तिकिटं घेणं म्हणजे चीनच्या तिजोरीत भर घालणं. दुसरी म्हणते, सोनं-शेअर तसंच हेही, गुंतवणुकीत भावना कशाला? हाँगकाँगमध्ये राहून हा बाजार रोज जवळून दिसतो, आणि इथून पाहिलं तर दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला बगल देताहेत असं माझं मत आहे. प्रश्न एवढाच आहे: घेतलेलं तिकीट उद्या विकणार कुठे आणि कोणाला?

आधी बहिष्काराचं बघू. पन्नास-साठच्या दशकांत चीनने संग्राहकांसाठी भरपूर तिकिटं परदेशांत विकली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत संग्रह करणं हाच तिथे संशयाचा विषय झाला आणि कितीतरी घरांतले अल्बम नष्ट झाले. म्हणून चांगल्या स्थितीतली जुनी चिनी तिकिटं युरोप-अमेरिकेतल्या अल्बमांत टिकली. आज ती इथल्या लिलावांत येतात आणि घेणारे बहुतेक चिनी असतात. अशा तिकिटाचा पैसा जातो तो एखाद्या जर्मन किंवा अमेरिकन कुटुंबाला आणि लिलाव संस्थेला; बीजिंगला नव्हे. चिनी टपाल खात्याला पैसा मिळतो तो नव्या तिकिटांतून. आणि नेमकी तीच गुंतवणूक म्हणून सर्वांत वाईट. ती अफाट संख्येने छापली जातात आणि त्यांतली बरीच पुढे बाजारात छापील किमतीच्याही खाली मिळतात. तेव्हा नवी तिकिटं घेऊ नका, यावर बहिष्कारवाले आणि हिशेबी लोक दोघांचंही एकमत व्हायला हरकत नाही.

आता दुर्मीळ म्हणजे काय ते. चीनची पहिली तिकिटं १८७८ ची, ‘मोठा ड्रॅगन’ म्हणून ओळखली जाणारी. मूल्यं तीन: १, ३ आणि ५ कँडरिन (तेव्हाचं चिनी चलनाचं एकक). १८९७ मध्ये लंडनला छापलेल्या लाल महसुली तिकिटांवर टपालाची मूल्यं उठवली गेली, आणि त्यांतलं लहान अक्षरांतलं एक डॉलर हे चिनी संग्रहाचं शिखर मानलं जातं. २४ नोव्हेंबर १९६८ ला ‘सारा देश लाल’ हे ८ फेनचं (युआनचा शंभरावा भाग म्हणजे फेन) तिकीट आलं. त्यावरच्या नकाशात तैवान लाल रंगवलेलं नव्हतं. विक्री लगेच थांबवून साठा परत मागवला. तोवर काही टपाल कार्यालयांतून जी विकली गेली तेवढीच बाहेर राहिली. त्याच विषयाचं मोठ्या आकाराचं, कधीच अधिकृतपणे न निघालेलं तिकीट २०१८ मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी ३८ लाख युआनला गेलं. ही नावं बातम्यांत येतात आणि त्यावरून आपल्याकडे लोक अंदाज बांधतात. पण सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातली उलाढाल होते ती दुसऱ्याच तिकिटावर.

ते म्हणजे १५ फेब्रुवारी १९८० चं सोनेरी माकड. मालिकेतला क्रमांक टी ४६, किंमत ८ फेन, चित्र हुआंग योंगयू यांचं, ८० तिकिटांची शीट. हे काही दुर्मीळ नाही, छपाई लाखांत झाली. तरी एकेका तिकिटाला हजारो युआन मिळाले आणि अख्खी शीट दहा लाख युआनच्या वर गेलेली आहे. कारण बारा वर्षांच्या राशिचक्राची मालिका याच तिकिटापासून सुरू झाली. पुढे ऐंशीच्या दशकात संग्राहकांची लाट आली आणि मालिका पुरी करायची तर प्रत्येकाला पहिलं तिकीट हवं झालं. लगेच पुढच्या वर्षीच्या कोंबड्याचा भाव याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे भाव ठरवतात ती माणसं चीनमध्ये बसलेली आहेत, आणि त्यांचं मन फिरलं की भाव फिरतो. १९९७ मध्ये हा बाजार फुगून फुटला. २०११ च्या आसपास पुन्हा वर गेला आणि मग बराच उतरला. २०१३ नंतर तिथे तिकिटं आणि नाणी शेअरसारखी संगणकावर विकण्याची केंद्रं निघाली. २०१७ मध्ये सरकारने त्यांवर बडगा उगारला.

माकडाची बनावट तिकिटं भरपूर आहेत, म्हणून तपासणी सांगतो. खऱ्या तिकिटाचा आकार २६ बाय ३१ मिलिमीटर आणि कडेची छिद्रं ११.५ मापाची, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा; छिद्रमापक पट्टी दोनेकशे रुपयांची वस्तू आहे, तेवढी घ्याच. अंगावरचे काळे केस कोरीव ठशाने छापलेले आहेत. दिवा एका बाजूला धरून तिकीट तिरकं पाहिलं की रेषा उठून दिसतात. दहापट भिंगाखाली त्या सलग आणि धारदार दिसायला हव्यात. ठिपक्याठिपक्यांनी बनलेल्या दिसल्या तर ती साधी ऑफसेट छपाई. नुसत्या बोटाच्या स्पर्शावर विसंबू नका, हल्लीचे नकलाकार उठावही आणतात. मग अतिनील दिव्याखाली खात्रीच्या तिकिटाशेजारी ठेवून कागदाची चमक जुळते का ते पाहा. ज्याच्याशी तुलना करायची असं एकही खात्रीचं तिकीट हाताशी नसेल तर तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय खरेदी करूच नये. प्रमाणपत्रावरचा फोटो आणि हातातलं तिकीट दात-दात जुळवून पाहायचं. खरं प्रमाणपत्र आणि वेगळं तिकीट अशी जोडीही विकली जाते.

पन्नासच्या दशकातल्या तिकिटांत घोळ वेगळा. नव्या, म्हणजे १९४९ नंतरच्या कम्युनिस्ट चीनची सुरुवातीची बरीच तिकिटं मुळातच बिनगोंदाची निघाली. ‘गोंद नाही म्हणून स्वस्त’ असं कोणी म्हटलं तर तो अडाणी. आणि अशा तिकिटामागे चकचकीत गोंद असेल तर तो नंतर लावलेला. १९४९-५० च्या काही संचांची १९५५ मध्ये सरकारनेच पुन्हा छपाई केली. मूळ आणि पुनर्मुद्रण यांत फरक असतो चित्रातल्या एखाद्या रेषेचा, भावात मात्र अनेक पटींचा. चांगल्या कॅटलॉगमध्ये हे फरक मोठे करून दाखवलेले असतात. संच हातात घेण्याआधी ते पान उघडायचं. परदेशी विक्रीसाठी आधीच शिक्के मारून ठेवलेली तिकिटंही खूप आहेत. शिक्का कोपऱ्यात नेटका आणि मागचा भाग कोरा असेल तर ती पत्रावरून आलेली नाहीत. कोऱ्या तिकिटाचा भाव त्यांना मिळत नाही.

यानंतर हिशेब, जो जाहिरातींत कोणी मांडत नाही. लिलावात बोली १०,००० हाँगकाँग डॉलरला थांबली असं धरा. खरेदीदाराचा अधिभार २० टक्के धरला तर तुमच्या खिशातून जातात १२,०००. विकताना संस्थेने १० टक्के कापले तर ते १२,००० परत मिळायला पुढची बोली १३,३३३ व्हायला हवी. भाव ३३ टक्के चढला तेव्हा तुम्ही फक्त मुद्दलावर आलात. पाच वर्षं ठेवलं तर दरसाल सुमारे ६ टक्के नुसते बरोबरीसाठी, आणि मधल्या काळात व्याज नाही की लाभांश नाही. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही आणि भांडवली नफ्यावर करही नाही, म्हणून इथल्या माणसाला निदान एवढ्यावर भागतं. नागपूरला बसून घेणाऱ्याला विमा, टपाल, कस्टम्स, चलन बदलण्याचा खर्च हे सगळं वर येतं. आणि विकायचं तर माल पुन्हा इथेच पाठवावा लागतो, कारण महाराष्ट्रात माकडाला योग्य भाव देणारे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या निर्यातीवर बंधनं आहेत. १८७८ चा ड्रॅगन हौसेने भारतात आणण्याआधी तो पुन्हा बाहेर नेता येईल का, हे जाणकार वकिलाला विचारा. माझ्या मते विकायच्या हेतूने घेतलेलं चिनी तिकीट भारतात आणूच नये.

‘निश्चित परतावा’ किंवा ‘परत खरेदीची हमी’ असे शब्द कोणी वापरले तर तिथेच थांबा. स्पेनमध्ये फोरम फिलातेलिको आणि अफिन्सा या दोन कंपन्या हेच आश्वासन देऊन तिकिटं फुगवलेल्या भावाने विकत होत्या. मे २००६ मध्ये त्यांवर छापे पडले आणि चार लाखांहून अधिक बचतदारांचे पैसे अडकले. त्या लोकांकडे तिकिटं होती, खरीही होती. फक्त त्या भावाला घेणारं बाहेर कोणी नव्हतं.

मग मराठी संग्राहकाने चिनी तिकिटं घेऊ नयेत का? जरूर घ्यावीत, पण संग्रहासाठी, आणि विषय ठरवून. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर दोन तिकिटं काढली, भारताने १९९३ मध्ये एक. चिनी जोडी अगदी स्वस्तात मिळते. गुंतवणूकदार तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. या तिकिटांभोवती पत्रं, पाकिटं, प्रथम दिवस आवरणं (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं) जमवली तर असा संग्रह उभा राहतो जो बीजिंगच्या धनाढ्यापेक्षा सोलापूरचा माणूस अधिक जाणतेपणाने करू शकतो. मूल्यवृद्धीचीच ओढ असेल तर आपलं ज्ञान जिथे चालतं तिथे पैसा लावावा: सिंध डाक (१८५२ ची, भारतातली पहिली तिकिटं), संस्थानांची तिकिटं. १९४८ च्या १० रुपयांच्या, ‘सर्व्हिस’ (म्हणजे सरकारी कामासाठी) छाप उठवलेल्या गांधी तिकिटांची चारची पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली, हे विसरू नये.

जे काही घ्याल ते पावसाळ्यात जपा. हाँगकाँगचा मार्च-एप्रिल आणि कोकणातला आषाढ तिकिटांना सारखेच घातक. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. त्याहून फार वर गेली की गोंद चिकटतो आणि छिद्रांच्या टोकांपासून तपकिरी डाग सुरू होतात. ४० च्या बरीच खाली गेली की गोंद आक्रसून तिकीट वळतं. इथे लोक कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट वापरतात. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरायचं. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिएस्टरची घ्या. कोऱ्या तिकिटाला हिंज (अल्बममध्ये डकवण्याची गोंदाची कागदी पट्टी) लावू नका. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर तिकिटं दुसरीकडे हलवा. आणि स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) उभं ठेवा. आडवी चळत लावली की खालच्या पानांवर वजन येतं आणि दमट हवेत गोंद तिथेच धरतो.