थेरपिस्टचा नंबर इनबॉक्समध्ये मागू नका

आज डोकं फिरलंय. लिहून टाकते, म्हणजे निदान झोप तरी लागेल.

संध्याकाळी घरी येताना थायरॉईडच्या गोळ्या घ्यायला मेडिकलवर थांबले. ही गर्दी. माझ्यापुढे एक बाई, तिशीतली असेल, तोंडाला स्कार्फ. तिनं चिठ्ठी पुढे सरकवली. काउंटरवरच्या पोरानं ती वाचली आणि आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "शेठ, ती डोक्याची गोळी आली का? मेंटलवाली?" सगळी रांग वळून बघायला लागली. एक काका तर चष्मा वर करून बघत होते. बाईनं चिठ्ठी परत ओढून घेतली, "राहू द्या, नंतर येते" म्हणाली आणि स्कूटी काढून निघून गेली. पोरगं लगेच पुढच्याला म्हणतं, "बोला."

मी बोलले. चांगलीच बोलले. शेठ म्हणतो, "जाऊ द्या ताई, लहान आहे, त्याला समजत नाही." लहान? मिशा फुटल्यात त्याला. बीपीची गोळी मागितली की ओरडतो का तो, "शेठ, ती फुटक्या नसवाली आली का?" मानसिक आजाराच्या उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं २०१७च्या कायद्यात छापलंय. छापलेलं कोण वाचतं!

ती बाई दुसऱ्या दुकानात गेली असेल, अशी आशा करते. अशा कितीतरी गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर येऊ शकते, झोप उडू शकते, आणि दबलेला आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. मला धास्ती वाटते, कारण आमच्या नानानंही एकदा गोळ्या अशाच सोडल्या होत्या.

नाना म्हणजे माझा मोठा भाऊ. एसटीत कंडक्टर. (त्याला विचारून लिहितेय. आमच्या अहिराणीत म्हणाला, "लिख, पन डेपोनं नाव नको टाकू.") २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो थेट २०२२च्या एप्रिलमध्ये मिटला. तेवढे महिने घर उधारीवर चाललं. नाना परत कामावर गेला तेव्हा आम्ही सुटलो म्हणालो. पण त्याच्या डोक्यात एक भलतंच सुरू झालं. पैसे मोजायचे. मोजून झाले की पुन्हा मोजायचे. मुक्कामी गाडी असली की दिवसाचा गल्ला रात्रभर कंडक्टरजवळ असतो. नाना बॅटरीच्या उजेडात पहाटेपर्यंत तो मोजत बसायचा, ड्रायव्हर वैतागून टपावर झोपायला जायचा. डेपोत भरणा करून घरी आला तरी मध्यरात्री वहिनीला उठवायचा, "आकडा सांगतो, बरोबर आहे ना ते सांग." वहिनी म्हणायची बरोबर आहे. दहा मिनिटांनी पुन्हा उठवायचा.

आता तुमच्यातलेच काही मनात म्हणाले असतील, मग न्यायचं ना थेरपिस्टकडे. दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, तुमच्या फेसबुकच्या भिंतीवर तेच असतं. 'बोलतं व्हा.' 'मदत मागा, लाजू नका.' मागे सूर्योदयाचा फोटो. अरे, कोणापाशी बोलतं व्हा? पत्ता टाका ना! आपल्या खान्देशात, चोपडा, पारोळा, साक्री, नवापूर, कुठल्या गल्लीत, कोणत्या वारी, कोणत्या मजल्यावर?

आम्ही काय काय केलं ते सांगते.

मायनं आधी भगताकडे नेलं. लिंबू, अंगारा, कोंबडं. तुम्हाला भगताबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. फक्त एक कबूल करते, नाइलाजानं. त्या भगतानं नानाचं तासभर ऐकून घेतलं होतं. नंतरच्या पांढऱ्या कोटवाल्यांपैकी कोणी तेवढं ऐकलं नाही.

मग एमडी डॉक्टर. ईसीजी, रक्त, लघवी, सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. "गॅस आहे. मन रमवा." मन रमवा! नानाचं मन रमलेलंच होतं, नोटा मोजण्यात.

मग तो बोर्डवाला. काचेचं ऑफिस, एसी, भिंतीवर सर्टिफिकिटांची रांग, नावापुढे 'माइंड कोच'. अंतर्मनाची शक्ती वगैरे. पंधरा हजार आगाऊ. वहिनीनं पोत गहाण टाकायची तयारी केली होती. मी त्याला विचारलं, तुमचा आरसीआयचा नोंदणी क्रमांक काय? तर म्हणतो, "मॅडम, आम्ही त्याच्या पुढचं करतो." उठलो आम्ही.

हे एवढं तरी डोक्यात ठेवा. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाही, तपासण्या आणि थेरपी करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे त्या आरसीआयकडे, नोंदणी लागते. क्रमांक विचारला तर खरा माणूस रागावत नाही. बाकी समुपदेशक म्हणून एमए केलेली, एमएसडब्ल्यू केलेली कितीतरी माणसं मनापासून उत्तम काम करतात. पण त्याच नावाचा बोर्ड शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेलाही लावतो, आणि घाबरलेल्या माणसाला दोघांतला फरक बाहेरून दिसत नाही.

सरकारी ओपीडीतही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आजार मात्र बरोबर ओळखला, ते मान्य. ओसीडी, मंत्रचळ, म्हणजे तेच तेच पुन्हा करायला लावणारा आजार. गोळ्या सुरू केल्या. बाहेर बाकावर माणसं, पायऱ्यांवर माणसं, जिन्यात माणसं. एकाला दोन मिनिटं. तो बिचारा डॉक्टर तरी काय करणार? नाना दोन मिनिटांत काय सांगणार? "झोप नही येत" एवढंच सांगून बाहेर आला. गोळ्यांचा गुण यायला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो, हे त्याला कोणी बसवून सांगितलं नाही. आठ दिवसांत फरक नाही म्हणून यानं पाकीट फेकून दिलं. 

पुण्याची एक ऑनलाइन मॅडम पण झाली. चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण नानाचं घर दोन खोल्यांचं. माय एका खोलीत, पोरं दुसऱ्यात. नाना गच्चीवर टाकीच्या मागे मोबाईल धरून बसायचा, रेंज आली-गेली, शेजारचा कान लावून. मॅडम म्हणायची, "तुमच्या इमोशन्सना जागा द्या." नाना खाली येऊन मला म्हणाला, "ती बाई गोड बोलस, पन माले तिना पुढे पेपर देल्यासारखं वाटस." माझी भाची बंगळुरूला असते, तिला ऑनलाइनचाच फायदा झाला. तिला स्वतंत्र खोली आहे आणि तिला इंग्रजीत रडता येतं. ठीक आहे, ज्याला जमतं त्यानं घ्यावं. पण 'आता सगळं ऑनलाइन मिळतं' असं मला कोणी ऐकवू नका.

आणि शेवटी नाव कुठे मिळालं? ऐका. एका लग्नात. हात धुवायच्या नळापाशी. नानाच्याच गल्लीतली, समोरच्या घरातली काकू वहिनीच्या कानाशी येऊन म्हणाली, "मना पोऱ्याले बी तठेच दखाडं. कोनले सांगू नको." (माझ्या पोरालाही तिथेच दाखवलं, कोणाला सांगू नको.)

समोरच्या घरातली! नाना रात्री दिवा लावून अंगणात नोटा मोजायचा ते तिला खिडकीतून दिसत होतं. तिला नाव माहीत होतं, वार माहीत होता, फी माहीत होती. आणि आम्ही इकडे लिंबं कापत होतो. हे आठवलं की अजून माझा तिळपापड होतो.

गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव विचारून बघा बरं आपल्याकडे. भुसावळ स्टेशनवर अनोळखी माणसाला विचारा. तो नाव सांगेल, ऑपरेशनचा खर्च सांगेल, पायजमा वर करून टाके दाखवेल.

(जरा पाणी पिऊन आले.)

काकूचं मला कळतं. तिची पोरगी लग्नाची होती. आपल्याकडे स्थळं कशी मोडतात ते मी बँकेत काउंटरवर बसून रोज ऐकते. "त्यांच्या घरात काहीतरी आहे म्हणे", एवढं वाक्य पुरतं. तिनं निदान लग्नात तरी तोंड उघडलं. नसतं उघडलं तर आज नाना कुठे असता, मला विचार करवत नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्याकडे पुरणाचे मांडे घेऊन जाणार आहे मी. पण राग आहे तो आहे.

तर काकूनं नाव सांगितलेल्या त्या मॅडम. इथल्याच. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ठरावीक वारी बसतात. नानानं खुर्चीवर टेकता टेकता जे बोलायला सुरुवात केली, ते नेहमीचंच, कमी पडतील, सस्पेंड करतील, पोरांचं काय होईल. मॅडमनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कंडक्टर भाऊ, इतला वरीस नोकरी करी. आजलोंग बॅगमा कितला पैसा कमी पडना?" (आजपर्यंत बॅगेत किती पैसे कमी पडले?)

नाना गप्प. मग म्हणाला, "एक रुपया बी नही." आणि रडायला लागला. संपात रडला नव्हता, बाप गेला तेव्हा रडला नव्हता.

त्या एका प्रश्नानं बरा झाला असं नाही हो. सिनेमा नाही हा. पुढे कित्येक महिने लागले. त्यांनी त्याला बॅग आणायला लावली, सुटे पैसे भरून. एकदा मोजा, पट्टा लावा, टेबलावर ठेवा, आणि आता नुसतं बसा. छातीत धडधड होऊ द्या, घाम येऊ द्या, पण हात लावायचा नाही. बेचैनी वर चढते आणि आपोआप उतरते, हे त्याला स्वतःच्या अंगावर अनुभवायला लावलं. वहिनीला सांगितलं, रात्री उठवलं तर "बरोबर आहे" म्हणायचं नाही. आम्हाला वाटायचं, धीर देतोय आपण. तर त्या धीरानंच आजाराला खायला मिळत होतं. वहिनीला ते फार जड गेलं. आणि गोळ्या जोडीला चालूच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अजूनही थोड्या आहेत. असू देत.

आता मला सांगा, हे पुण्याहून झालं असतं? कदाचित झालं असतं. पण मुक्कामी गाडी म्हणजे काय, भरणा म्हणजे काय, सस्पेंड झालेल्या माणसाकडे गल्ली कशी बघते, हे आमच्या इथल्या मॅडमना समजावून सांगावं लागलं नाही. नानाला फक्त आजार सांगायचा होता.

हे बोलताना मला धडगाव-अक्कलकुवा आठवतं आणि माझीच तक्रार मला लाडाची वाटायला लागते. आम्हाला निदान अहिराणी बोलणारी एक मॅडम सापडली. सातपुड्यातल्या पावरा आदिवासी बाईनं घाट उतरून नंदुरबारला यायचं, आणि कोणाशी पावरीत बोलायचं?

सरकारचं तर काय बोलावं. राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खान्देशाच्या वाट्याला एकही नाही. बरं, नानासारख्याला मनोरुग्णालय लागतच नाही, त्याला ओपीडी आणि पाऊण तास बसणारं माणूस लागतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला, तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत. आमचा कापूस काय वेगळ्या पावसावर येतो? टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मात्र खरंच चालतो. २०२२च्या ऑक्टोबरपासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री-अपरात्री कोणी एकटं असेल, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येत असेल, तर आधी तो लावा. पोस्ट नंतर वाचा.

मॅडमचं नाव मी इथे टाकलेलं नाही, आणि आता तुम्ही म्हणाल, बघा, हीसुद्धा लपवते. त्यांना विचारलं मी. म्हणाल्या, फेसबुकवर नको, आधीच महिन्याचं वेटिंग आहे, आलेल्यांना परत पाठवावं लागतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एकटी बाई किती जणांना पुरणार.

म्हणूनच बाकीची नावं हवीत. तुमच्यापैकी कितीतरी जण जातात, मला माहीत आहे. नानाचं कळल्यापासून माझा इनबॉक्स भरलाय. "ताई, नंबर द्या ना, कोणाला सांगू नका." एकाच ऑफिसातली दोन माणसं मला वेगवेगळा मेसेज करतात आणि एकमेकांसमोर डबा खातात!

तर इनबॉक्समध्ये नाही, इथे खाली लिहा. ज्यांच्याकडे तुम्हाला गुण आला त्यांना विचारून, त्यांचं नाव, गाव, वार, फी. स्वतःचं काय झालं होतं ते लिहायची गरज नाही. 'ओळखीच्यांना गुण आला' लिहा, कोणी खोदून विचारणार नाही, विचारलं तर मी बघते त्याच्याकडे. ज्यांना तेवढंही जमणार नाही त्यांनी करा बाबा मेसेज, देईन मी.

आणि शहादा-तळोद्याकडचं कोणाला माहीत असेल तर ते सगळ्यात आधी लिहा. तिकडच्या एका बाईंनी बाळंतपणानंतरच्या सुनेसाठी विचारलंय, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे अजून एकही नाव नाही.