भाऊसाहेबांना सोबत पाहिजे

वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून जिवंत मासा द्यायची आयडिया ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली ना, त्याला मला एकदा भेटायचंय. बाकी काही नाही, दोन शब्द बोलायचेत.

आमची लेक चौथीत. बिल्डिंगमधल्या एका पोराच्या बर्थडेला गेली आणि रात्री साडेनऊला हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत एक निळा फायटर मासा, शेपटी म्हणजे पैठणीचा पदर. आई मूळची मालवणची, तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "ह्याचं कालवण कुणाला पुरणार?" लेक रडायला लागली. मग रात्रभर तो लोणच्याच्या बरणीत राहिला, तोऱ्यात इकडून तिकडे फिरला, कुणाकडे बघेना, म्हणून आईनेच त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "एकटाच आहे रे बिचारा, एकट्याला जेवण जात नाही." बायको म्हणाली, मलाही तसंच वाटतं. लेकीला तर वाटतच होतं. भाऊसाहेबांना काय वाटतं हे कुणी विचारलं नाही.

शनिवारी स्टेशनजवळच्या दुकानातून दोन फुटी टँक आणला. दोन बाय एक बाय एक, म्हणजे भरल्यावर पन्नास-पंचावन्न लिटर पाणी, तेवढंच किलो वजन, वर काचेचं वेगळं, आणि बायको तो शोकेसच्या काचेच्या फळीवर ठेवायला निघाली होती. मी दुकानदाराला विचारलं, फायटरबरोबर काय चालेल? तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "साब, सब चलता है." ह्या चार शब्दांवर मी चार गप्पी, दोन टायगर बार्ब, काच साफ करायला एक सकर आणि लेकीने हट्ट धरला म्हणून एक चंदेरी बेबी शार्क एवढं कुटुंब घरी आणलं. शार्क बोटाएवढा होता. हे लक्षात ठेवा.

पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, तेवढं मला माहीत होतं. मग सोडले. पहिली पाच मिनिटं सगळे गुण्यागोविंदाने. आई म्हणाली, "बघ कसं घर भरलं." सहाव्या मिनिटाला भाऊसाहेबांनी कल्ले फुगवले, अगदी गळ्याभोवती काळा मफलर गुंडाळल्यासारखे, आणि ते सरळ गप्पीच्या नराच्या अंगावर धावून गेले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की गप्पीच्या नराची शेपटी मोठी आणि रंगीत, त्यामुळे फायटरला तो दुसरा फायटरच वाटतो. म्हणजे नुसत्या कपड्यांवरून मारामारी! रात्री जेवायला बसेपर्यंत गप्पीच्या शेपटीचा झाडू झाला होता. पण देव बघत असतो, कारण तिकडे टायगर बार्बनी मागून येऊन भाऊसाहेबांच्या पैठणीचे लचके तोडायला सुरुवात केली होती. ही जात सहा-आठच्या घोळक्यात ठेवली तर आपापसातच धुमाकूळ घालते आणि बाकीच्यांना थोडी उसंत मिळते, दोनच आणले तर सगळा वेळ शेजाऱ्यांसाठी मोकळा. आमच्या मजल्यावर असे दोघे आहेत, नाव घेत नाही.

चौथ्या दिवशी एक गप्पी गेला. भांडणाने नाही, पाण्याने. नवीन टँक मुरावा लागतो, लोणच्यासारखा, माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि मी पहिल्याच दिवशी भाऊसाहेब धरून नऊ जण आत ढकलले होते, वर लेक दर तासाला खायला घालत होती. (आणि आई गुपचूप. मी पकडलं, भाकरीचा चुरा होता.)

मग मी रात्री वाचायला बसलो. ऑफिसचं एवढं कधी वाचलं नाही. गोल्डफिशला पाणी थोडं गार लागतं, डिस्कस माशाला अठ्ठावीस-तीस डिग्री, म्हणजे एकाला महाबळेश्वर पाहिजे आणि दुसऱ्याला आपली मुंबई. एंजल दिसायला देवघरात ठेवण्यासारखा, पण मोठा झाला की निऑन टेट्रासारखे छोटे मासे गिळतो. आपला सकर दीड फुटापर्यंत वाढतो. म्हणजे दोन फुटी टँकमध्ये दीड फुटी साफसफाईवाला! आणि शार्क? तो शार्क नव्हेच, मागुराच्या नात्यातला मासा, मोठ्या नदीतला, मीटरभराच्याही वर जातो. बायको शेजारीच होती, तिने फोटो बघितला आणि एकदम गप्प झाली. "काय गं?" तर म्हणाली, "अरे हा बासा आहे." मागच्याच रविवारी हॉटेलात आम्ही बटर गार्लिक बासा खाल्ला होता, लेकीने दोनदा घेतला होता. लेकीला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

परत करायला गेलो तर दुकानदार म्हणे पैसे नाही, बदली. शार्क, सकर आणि बार्ब देऊन त्याच्याकडून सहा कोरीडोरास घेतले, तळाशी गपचूप फिरणारे, शेपटी आखूड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जाताना ट्रेनमध्ये शार्कची पिशवी मांडीवर होती. समोरच्या काकांनी विचारलं, "केवढा होतो हा?" म्हटलं, माझ्या कमरेपर्यंत. "मग परत कशाला करताय? वाढवा की!" बाजूचा म्हणाला, "काटे कमी असतात." पिशवी मी दोन्ही हातांनी झाकून घेतली.

आता भाऊसाहेब टँकमध्ये, खाली कोरीडोरास, आणि उरलेले तीन गप्पी वेगळ्या छोट्या टँकमध्ये. दोन्ही टँक शेजारी ठेवले ही पुढची चूक, भाऊसाहेब दिवसभर काचेतून गप्पीच्या नराला मफलर दाखवायचे. मध्ये शाळेचं जुनं कॅलेंडर उभं केलं तेव्हा शांतता झाली. आई म्हणते, "मी म्हटलं नव्हतं, सोबत मिळाली की जेवतो?" कोरीडोरासकडे तो ढुंकूनही बघत नाही, पण आईशी कोण वाद घालणार.

गप्पींचं मात्र एक सांगायचं राहिलं. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, महिन्याला पंचवीस-तीस सुद्धा, आणि नर बाजूला काढून काही उपयोग नाही, मादी आतल्या आत साठा ठेवून पुढचे कितीतरी महिने देत राहते. पहिली खेप वॉचमनने नेली, गच्चीवरच्या पिंपात डासांसाठी. दुसरी शेजारच्या वहिनींनी घेतली. तिसरी खेप कुणी घेईना, बेल वाजवली की लोक आयहोलमधून माझ्या हातात पिशवी आहे का बघतात.

पुढच्या महिन्यात लेकीचा वाढदिवस आहे. बावीस पोरं येणारेत. आत्ताच मोजली, सत्तावीस पिल्लं आहेत.