कँटरबरी ते रोम
अँग्लिकन चर्च (इंग्लंडच्या चर्चची परंपरा) आणि ख्रिस्ती ऐक्य कँटरबरी ते रोम यात्रा करत शिकवणाऱ्या अभ्यासक्रमावरचा हा लेख मनापासून आवडला. जाणाऱ्यांनी रोममध्ये सेलियो टेकडीवरच्या सान ग्रेगोरिओ चर्चला जरूर थांबावं. तिथल्याच मठातून पोप ग्रेगरींनी ऑगस्टीन या मठवासी साधूला इंग्लंडला धाडलं; ५९७ मध्ये तो केंटला पोचला आणि पुढे कँटरबरीचा पहिला आर्चबिशप झाला. म्हणजे कँटरबरीचं मूळच रोममध्ये! १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी स्वतःची अंगठी कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकनांचे प्रमुख धर्मगुरू, रॅम्सी यांना दिली, तो प्रसंग आठवला की आजही भरून येतं. आपल्याकडे १९७० मध्ये नागपुरात अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. रोमन कॅथलिक चर्चबरोबर एका मेजावर प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी) मात्र अजून नाही, ही खंत आहेच.