'आधी माफ करा, मग पिशवीचं तोंड उघडेल' म्हणणाऱ्यांना

परवा पहाटे तीनला फोन थरथरला. एका मुलीने (नातं सांगत नाही, ओळखू येईल) एक लांबलचक मेसेज पुढे पाठवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, 'ताई, हे खरं आहे का?' तिला आठवा महिना आहे. मेसेज तिच्या घरच्या ग्रुपवर आला होता. पाठवणाऱ्या बाईंना तिच्याबद्दल काहीच ठाऊक नाही, त्यांनी आपली सवयीने 'उपयुक्त माहिती' पुढे ढकलली. तिथेच उत्तर दिलं असतं तर सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या असत्या. म्हणून इथे लिहिते, आणि तिला विचारून लिहिते.

मेसेजचं शीर्षक 'लहानपणी वाईट अनुभव आलेल्या गर्भवतींसाठी सात नियम'. वाईट अनुभव म्हणजे लैंगिक अत्याचार, पण तो शब्द लिहायला लेखकाची जीभ रेटलेली नाही. नियम थोडक्यात असे: जुनं बोलू नये, बाळाच्या मनावर उमटतं. त्या व्यक्तीला माफ करावं. आतून तपासणीला विरोध करू नये. लेडी डॉक्टर घेतली की प्रश्न मिटला. शक्यतो सिझेरियन करून घ्यावं. बाळ कुशीत आलं की जखम भरते. आणि सातवा, अशा बाईला अंगावर पाजणं जमत नाही, तेव्हा बाळ दुसऱ्या कुणी सांभाळावं.

मी बारा वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. क्रमाने जाणार नाही. दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं.

त्याचे शब्द असे: 'सातव्या महिन्याच्या आत त्या व्यक्तीला मनापासून क्षमा करावी. राग धरल्यास गर्भाशयाचे मुख उघडत नाही.' अहो, पिशवीचं तोंड कुणाला माफ केलं नि कुणाला नाही याची वही ठेवत नाही. ते कळांनी उघडतं, बाळाच्या डोक्याच्या दाबाने उघडतं. मनात जगाचा राग घेऊन आलेल्या बायका माझ्यासमोर चार तासांत मोकळ्या झाल्यात, आणि आयुष्यात कुणाला दुखवलं नसेल अशा बायका रात्रभर अडकल्यात.

यात तथ्याचा एक कण आहे, तो देऊन टाकते. बाई फार घाबरली की अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि त्याने कळा मंदावू शकतात. पण ही भीती त्या घडीची असते. दार सताड उघडं आहे, डोळ्यांवर दिवा आहे, ओळख न देता कुणीतरी चादर वर करतंय, त्याची. त्यावर इलाज म्हणजे दार लावणं आणि तिच्या विश्वासाचं माणूस जवळ ठेवणं. तिच्याकडून माफीनामा घेऊन काय होणार?

आणि 'ती व्यक्ती' कोण असते? बहुतेक वेळा ओळखीतली, पुष्कळदा घरातली. म्हणजे एकदा माफ केलं की बाळ बघायला ती व्यक्ती येणार, बाळ तिच्या हातात द्यावं लागणार. आमच्याकडे एक बाळंतीण दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत बाळाला घेऊन संडासात जाऊन बसली. वेळ संपेपर्यंत बाहेर आली नाही. आम्ही दार वाजवून तिलाच रागावलो. तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसलं होतं, ते आमच्यापैकी एकीनेही बघितलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकीला आधी विचारत असे, कुणाला आत सोडायचं नाही ते सांगून ठेव, कारण सांगू नकोस.

आता तिसरा. 'तपासणीला नकार देणारी आई बाळाचा जीव धोक्यात घालते. दोन मिनिटे डोळे मिटून शहाण्यासारखे पडून राहावे.'

हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे, कारण मीच ते शेकडो वेळा म्हटलंय. पीव्ही, म्हणजे बोटांनी आतून तपासणी, करताना बाई आखडली की आमच्या तोंडात आपोआप यायचं, 'शहाणी ना तू, पाय सैल सोड.' एकदा असं म्हटल्यावर एका बाईने अंग असं टाकलं की वाटलं हिला झोप लागली. डोळे उघडे, छताला लागलेले. कळ आली तरी चेहऱ्यावरची रेष हलेना. डॉक्टर म्हणाल्या, 'पेशंट असावी तर अशी.' मलाही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी तिचे टाके बघत होते तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, 'सिस्टर, तोही असंच म्हणायचा. शहाणी ना तू.'

कोण, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पण 'शहाणी' हा शब्द त्या दिवसापासून कामावर माझ्या तोंडातून कायमचा गेला.

ओरडणारी बाई त्रासदायक आणि गप्प बाई गुणी, ही लेबर रूमची जुनी समजूत. काही बायका गप्प असतात कारण त्या तिथे नसतातच. शरीर मागे टाकून निघून जायचं, ही त्यांनी लहानपणी जीव वाचवायला शिकलेली युक्ती. कोणी वरून हात लावला, हलू नकोस म्हणालं, की ती आपसूक चालू होते. तेव्हा 'डोळे मिटून पडून राहा' हा सल्ला त्या बाईला कुठे नेऊन सोडतो, याचा मेसेज लिहिणाऱ्याने क्षणभर तरी विचार करायचा होता.

बाळाचा जीव वगैरे धमकीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाच्या काळातल्या काळजीसाठी ५६ शिफारशी दिल्या. त्यांनुसार सगळं सुरळीत असेल तर, पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडून कळांनी जोर धरल्यावर, आतून तपासणी दर ४ तासांनी पुरते. एकीने बघितलं, मग दुसरीने, मग शिकणाऱ्या मुलांनी रांगेने, हे त्यात बसत नाही. तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, प्रत्येक गोष्ट तिला समजावून तिच्या संमतीने व्हावी, सरसकट खाली छेद देऊ नये, हेही त्यातच आहे. आणि हे कुणा खास पीडितेसाठी लिहिलेलं नाही, प्रत्येक बाळंतिणीसाठी आहे. म्हणजे हे मागण्यासाठी कुणाला आपली कहाणी सांगावी लागत नाही.

'नाही' याचा अर्थ बहुधा 'असं नाही' एवढाच असतो. उताणं पडून नको, कुशीवर चालेल. आत्ता नको, ही कळ जाऊ दे. स्पेक्युलम (आतलं बघायचं चिमट्यासारखं उपकरण) मी स्वतः घालते. मी हात वर केला की थांबा. यातल्या एकाही गोष्टीला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. हो, कधी वेळ नसतो. नाळ आधी बाहेर आली, बाळाचे ठोके पडले, रक्त जायला लागलं, तर धावपळ होणारच. पण तेव्हाही 'मी हात लावतेय, ठोके कमी झालेत म्हणून' एवढं सांगायला एक श्वास पुरतो. मी सांगितलंय, म्हणून ठामपणे म्हणते.

पहिल्या नियमात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. कुणीही खोदून खोदून विचारू नये. अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठीच्या याच संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनातही बोलायची सक्ती नको असंच आहे: ऐका, विश्वास ठेवा, ती सुरक्षित आहे का बघा. पण तिला बोलायचं असताना 'बाळावर उमटेल' म्हणून तिचं तोंड दाबायचं, हे कुठून काढलं? बाळाला आईची वाक्यं कळत नाहीत. नऊ महिने रात्र रात्र जागणारी, कुणाशी बोलू न शकणारी आई मात्र खचते, आणि तिला मदत लागते.

लेडी डॉक्टर हवी असं अनेकींना वाटतं, ते मिळायलाच हवं. पण माझा वर सांगितलेला पराक्रम आठवा. मी बाईच होते.

सिझेरियन कुणाला हवं असेल, सगळं समजून घेऊन, तर तो तिचा निर्णय. 'म्हणजे खाली कुणी हात लावणार नाही' ही मात्र शुद्ध फसवणूक. लघवीची नळी घालतात ती कुठे? कमरेखालचं अंग बधिर, दोन्ही हात बाजूला पसरलेले, भोवती मास्क लावलेले चेहरे. एखादीला हेच सगळ्यात जड जातं. शिवाय ते पोटाचं ऑपरेशन आहे, रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा, पुढच्या खेपेला वार भलत्या जागी चिकटण्याचा धोका घेऊन येणारं.

सहाव्याबद्दल काय बोलायचं. बाळ औषध म्हणून जन्माला येत नाही. कुणाला खरंच हलकं वाटतं, कुणाला महिनाभराने रात्रीच्या पाजण्यात सगळं परत दिसायला लागतं. दोघीही नॉर्मल.

आणि सातवा. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे आज जगात हयात असलेल्या दर ८ मुली-स्त्रियांपैकी एकीवर वयाच्या १८ वर्षांआधी बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेला आहे. आमचा वॉर्ड सोळा खाटांचा होता. हिशोब तुम्हीच करा, आणि मग सांगा यातल्या कुणाकुणाची बाळं काढून घ्यायची. अशा कितीतरी जणी आनंदाने अंगावर पाजतात. एखादीला दिवसा जमतं, अंधारात नाही. मग रात्रीसाठी दूध काढून ठेवावं, किंवा वरचं द्यावं. बाळाचं काही अडत नाही.

त्या मुलीला मी पहाटेच उत्तर पाठवलं, खरं नाही, झोप. सकाळी तिने एका कागदाचा फोटो पाठवला, तिच्या फाइलीच्या पहिल्या पानाला टाचलेल्या. कारण कुठेच लिहिलेलं नाही. तीन ओळी आहेत. हात लावण्याआधी विचारा. थांबा म्हटलं की थांबा. तिसरी दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली: मी अगदी गप्प झाले, तर मला नावाने हाक मारा.