धावपट्टीवर वास्तुशांत

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी अगदी निर्धास्त राहावं. इंग्लंडात वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. म्हणून तिथल्या जुन्या लष्करी विमानतळांची मुख्य धावपट्टी साधारणपणे नैर्ऋत्य-ईशान्य अशी आखलेली असते. जड वस्तू नैर्ऋत्येला ठेवावी, हा आपल्या शास्त्राचा नियम. बॉम्बनी भरलेलं चार इंजिनांचं विमान नैर्ऋत्येकडे रवाना करणाऱ्यांनी तो आपल्याआधी पाळला. तेव्हा जुन्या एअर फोर्स तळावर घर घेताय म्हणून घरच्यांनी फोनवर नाकं मुरडली, तर त्यांना एवढंच सांगा. बाकीचं सांगू नका.

बाकीचं तुम्हाला मी सांगतो. केंब्रिज, ऑक्सफर्ड, मिल्टन कीन्सच्या आसपास नोकरीला आलेल्या मराठी माणसाला दोन-तीन वर्षांत एक ठरावीक ताप येतो. भाड्यात पैसे फुकट चाललेत, हा तो ताप. शहरातलं औषध परवडत नाही. मग माणूस रविवारी दुपारी बायकोमुलांसह गाडी काढतो आणि जुन्या विमानतळावर उभ्या राहणाऱ्या वसाहतीच्या, झेंडे लावलेल्या सेल्स ऑफिसात जाऊन फुकटची कॉफी पितो. भिंतीवर नकाशा असतो, नकाशात तळं असतं, तळ्याकाठी हसरी माणसं असतात. पुण्यात विमाननगरला राहिलेल्याला तर भरूनच येतं. तिथे घर आहे आणि डोक्यावरून विमानं जातात. इथे विमानं केव्हाच गेली, घर यायचंय.

आता ही जागा आली कुठून, असले प्रश्न सेल्समनला विचारू नका, तो पंचविशीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात या देशाने विमानतळांचा असा सपाटा लावला होता की 1942 मध्ये सरासरी दर तीन दिवसांना एका नव्या विमानतळाचं काम सुरू होत होतं. दर तीन दिवसांना, हे कृपया लक्षात ठेवा, पुढे लागेल. युद्ध संपलं, मग शीतयुद्धही संपलं, आणि सरकारच्या हातात शेकडो एकरांचे सपाट तुकडे उरले. मालक एकच, रस्ता आहे, कुळं नाहीत, वारस नाहीत, सातबाऱ्यावर अकरा भाऊ आणि परदेशातली एक आत्या नाही. आपल्याकडच्या बिल्डरला नुसतं ऐकून घेरी येईल.

शिवाय ही जमीन 'ब्राउनफील्ड' आहे. हा शब्द पाठ करा, पार्टीत उपयोगी पडतो. ब्राउनफील्ड म्हणजे एकदा वापरून झालेली जमीन. तिच्यावर बांधलं तर शेतं वाचतात, पुण्य लागतं. 2000 सालच्या सरकारी सूचनांत संरक्षण खात्याच्या इमारती या व्याख्येत धरल्या, आणि इमारतीबरोबर तिचं आवारही. विमानतळाचं आवार म्हणजे काय, तर क्षितिजापर्यंत गवत. तर ज्या हिरव्यागार गवतावर चंडोल गातोय ते ब्राउनफील्ड, आणि कुंपणापलीकडे नांगरून ठेवलेलं तपकिरी ढेकळांचं शेत ते ग्रीनफील्ड. सगळं आवार बांधलंच पाहिजे असं नाही, असंही त्याच सूचनांत म्हटलं होतं. पण कॉफी पिताना एवढं कोण वाचतं?

उदाहरणच घ्यायचं तर केंब्रिजजवळचं नॉर्थस्टो घ्या. ओकिंग्टनचा तळ हा. 1940 मध्ये उघडला आणि फेब्रुवारी 1941 मध्ये इथूनच स्टर्लिंग या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांची पहिली मोहीम निघाली. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण झालं, मग लष्कराच्या बराकी आल्या. 2000 ते 2010 या काळात आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना ठेवून त्यांचे अर्ज झटपट निकालात काढण्याचं केंद्र याच बराकींत होतं. माहितीपुस्तिकेच्या 'आमचा वारसा' पानावर स्टर्लिंगचा फोटो शोभून दिसतो. या दहा वर्षांचा फोटो कुठे लावायचा हा प्रश्नच आहे. व्हिसावर आलेल्या तुम्हा-आम्हाला मात्र ती माहिती असावी. 'तुम्ही निघा' असं लोकांना सांगण्यासाठी जी जागा राखून ठेवली होती, तिथेच आता 'या, या, डिपॉझिट किती भरता?' असं स्वागत होतं. काळ बदलतो हो.

योजना दहा हजार घरांची आहे. पहिला टप्पा खरं तर धावपट्टीवर नाही, शेजारच्या गोल्फच्या मैदानावर आला. म्हणजे इतिहास धावपट्टीचा विकायचा आणि पाया गोल्फच्या खड्ड्यांवर घालायचा. 2017 च्या वसंतात पहिली कुटुंबं राहायला आली. शाळा आली, तिचं नाव पाथफाइंडर. ओकिंग्टनच्या सातव्या स्क्वाड्रनचा 1942 मध्ये ज्या पाथफाइंडर दलात समावेश झाला, त्याचं काम असं की आपण पुढे जायचं, अंधारात रंगीत प्रकाशगोळे टाकून खुणा करायच्या, म्हणजे मागून येणाऱ्यांना नेमकं कुठे जायचं ते कळतं. नाव इतकं समर्पक निघालं की नामकरण समितीचा सत्कार करायला हवा. कारण पहिली कुटुंबं पुढे गेली, दिवे लावून बसली, आणि मागून कोणी आलंच नाही. किराण्याचं दुकान नाही, दवाखाना नाही, चहाचं एखादं ठिकाण नाही. 2022 साल सरत आलं तरी नाही. घरं हजाराच्या वर गेली होती, ती बरोबर वेळेवर होत होती. वर्तमानपत्रवाले येऊन दूध मिळत नसल्याचे फोटो काढून गेले.

यावर नाराज होणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. दुकान हे 'पुढच्या टप्प्यात' असतं. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे आपल्याला वाघोली-मांजरीच्या माणसाने समजावून सांगायची गरज नाही. पुरेशी माणसं राहायला आल्याशिवाय दुकानदार येत नाही, दुकान असल्याशिवाय माणसं राहत नाहीत, आणि मधल्या काळात हप्ता चालू असतो. युद्ध असतं तर गोष्ट वेगळी. हिटलर समोर उभा होता तेव्हा तीन दिवसांना एक विमानतळ जमत होता. पाच वर्षांत एक वाणी जमला नाही याचा अर्थ एवढाच की देश सध्या शांत आहे. आनंद माना.

तरी अगदीच पावाची वेळ आली तर बसवे आहे. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून त्या जागी काँक्रीटची पन्हळ घातली आणि तिच्यातून बस सोडली, असा तो 2011 पासूनचा चमत्कार आहे. हात सोडून बस चालवणारा ड्रायव्हर पाहून मुलं खूश होतात. बस केंब्रिजला पोचवते, तिथे कोथिंबीरही मिळते. शेजारच्या लाँगस्टँटन गावात पूर्वी तळ्यांकडे फिरायला जाता यायचं, पण ती आटली. गावकऱ्यांनी बोट नव्या गावाच्या खोदकामाकडे दाखवलं. तुमच्या पुस्तिकेतलं तळं मात्र भरलेलं आहे, काळजी नको.

जमिनीखाली काय आहे याची चौकशी करताना अतिउत्साह दाखवू नये. विमानं चालत होती म्हणजे इंधन होतं, इंधन होतं म्हणजे टाक्या होत्या, नळ होते, ते झिरपलं. ऑक्सफर्डशायरमधल्या अप्पर हेफर्डला जमिनीखालच्या इंधनाच्या टाक्या आणि नळ साफ करणं हे वसाहतीच्या आधीचं मोठं काम होतं. हे झालं सौम्य प्रकरण. 1940 मध्ये जर्मन उतरतील या भीतीने ब्रिटिशांनी काही विमानतळांच्या खाली स्वतःच लांबलचक नळ्यांत स्फोटकं भरून पुरून ठेवली, म्हणजे वेळ आली की धावपट्टीच उडवता येईल. वेळ आली नाही. पुढे सगळ्या काढल्या असं सगळ्यांनी गृहीत धरलं. 2006 मध्ये ली-ऑन-सोलंटच्या जुन्या नौदल विमानतळाखाली त्या निघाल्या, तेव्हा आजूबाजूच्या शेकडो कुटुंबांना घरं सोडून बाहेर थांबावं लागलं. तुमच्या परसात कडीपत्ता लावायला फूटभर खड्डा पुरतो. आंब्याच्या कोयीचा नाद सोडा, नाहीतरी ती इथे रुजत नाही.

हेफर्ड एकदा पाहून याच. 1994 पर्यंत हा अमेरिकी हवाई दलाचा तळ होता. एफ-111 विमानं ज्यांत ठेवायचे ती काँक्रीटची जाडजूड कमानदार घरं अजून उभी आहेत, छप्पन्न. सोव्हिएत बॉम्ब पडला तरी विमान सुरक्षित राहावं म्हणून बांधलेली. तो काही पडला नाही, आणि आता ती पाडायची तर इतिहासप्रेमी आडवे येतात, कारण सगळा तळ शीतयुद्धाचा वारसा म्हणून संरक्षित क्षेत्र ठरलाय. आमच्या पेठेतला वाडा पेशव्यांच्या काळचा असला तरी एका पावसाळ्यात खाली येतो, त्यांची दारंसुद्धा जपली जातात. मोकळ्या फरशीवर कित्येक वर्षं नव्याकोऱ्या मोटारी ओळीने उभ्या केलेल्या असत. गवतात दुर्मीळ फुलं, डबक्यांत न्यूट नावाचा सरड्यासारखा जलचर, ज्याला धक्का लावला तर खटला होतो. थोडक्यात, तिथे बॉम्बर विमानाच्या गॅरेजला संरक्षण आहे आणि सरड्याला संरक्षण आहे. तुम्हाला फक्त दोन वर्षांची बिल्डरची वॉरंटी आहे, तीही कपाटाच्या दारांसकट आहे की नाही ते वाचून घ्या.

ताबा मिळाल्यावर पहिल्या महिन्यात एक पत्र येईल. वसाहतीतले रस्ते, गवत, दिवे आणि ते तळं नगरपालिकेने ताब्यात घेतलेलं नाही, त्यामुळे एक व्यवस्थापन कंपनी ते सांभाळते आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे. घर तुमचं, जमीन तुमची, तरी वर्षाचा मेंटेनन्स. सोसायटीत राहून आलेल्या माणसाला हे जवळचं वाटतं. फरक इतकाच की इथे वार्षिक सभेत उभं राहून सेक्रेटरीला झापायची सोय नाही, कारण सेक्रेटरीच नाही. 2024 च्या सरकारी स्पर्धा प्राधिकरणाच्या अहवालानुसार ही वर्गणी सरासरी 350 पाउंड पडते आणि मोठ्या बिल्डरांच्या दहापैकी आठ नव्या घरांना ती लागू आहे. नगरपालिकेचा कर वेगळा. तो पूर्ण भरायचा. नगरपालिका काय करत नाही याची यादी मागवून घेऊ नका, पोस्टाचा खर्च वाढतो.

व्यवहार कसा करावा हे मात्र खुद्द संरक्षण खात्याकडून शिका. 1996 मध्ये त्यांनी सैनिकांच्या कुटुंबांची 57,000 च्या वर घरं एका कंपनीला 166 कोटी पाउंडांना विकली आणि तीच घरं लगेच 200 वर्षांच्या करारावर भाड्याने परत घेतली. दुरुस्ती सैन्यानेच करायची. रिकाम्या घराचंही भाडं द्यायचं. नको झालेली घरं कंपनीला परत करायची, मग कंपनीने ती बाजारात विकायची. जुन्या हवाई तळांवरच्या कित्येक गल्ल्या अशाच लोकांच्या हाती आल्या. आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारने उरलेल्यांपैकी 36,347 घरं जवळजवळ 600 कोटी पाउंडांना परत विकत घ्यायचं ठरवलं. आपल्या काकांनी नाना पेठेतली खोली विकून तिच्यातच भाड्याने राहायचं ठरवलं असतं, तर घरचे त्यांना कुठल्यातरी वैद्याकडे घेऊन गेले असते. इथे त्याला अर्थमंत्रालय म्हणतात.

विकण्याआधी जागा रिकामी होईलच असंही समजू नये. सफोकमधल्या मिल्डनहॉलहून अमेरिकी हवाई दल जाणार असं 2015 मध्ये जाहीर झालं. तिथे किती घरं बसतील याचे हिशेब सुरू झाले, आणि 2020 मध्ये अमेरिका म्हणाली, आम्ही राहतो. अतिथी देवो भव.

आणि फार उशीर झालाय असं वाटत असेल तर लंडनचं हेन्डन पाहा. विमानतळ बंद केला, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर ग्रॅहम पार्क ही सुमारे 1,800 घरांची वसाहत उभी केली, तिला वैमानिकाचं नाव दिलं, शेजारी एअर फोर्सचं संग्रहालय काढलं. विमानं संग्रहालयात अजून छान आहेत. वसाहत मात्र पाडून पुन्हा बांधायला घेतली. तिथे आता दुसऱ्यांदा नवीन घरं मिळतात.

नव्या माणसाला माझा सल्ला टेम्प्सफर्डचा. बेडफर्डशायरमध्ये आहे. युद्धात चांदण्या रात्री इथून गुप्तहेरांना विमानाने फ्रान्समध्ये सोडत. शत्रूला संशय येऊ नये म्हणून सगळा तळ ओसाड शेतवाडीसारखा दिसेल असा रंगवला होता. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारी कृती दलाने नव्या शहरांसाठी 12 जागा सुचवल्या, त्यांत अप्पर हेफर्डच्या तळावरचं हेफर्ड पार्क आहे आणि हे टेम्प्सफर्डही, 40,000 पर्यंत घरं. पूर्वी गजबजलेली जागा ओसाड दिसावी यासाठी कलाकार लागले होते. आता ओसाड जागा गजबजलेली दिसावी म्हणून लागतील, आणि त्या कामाला हल्ली सॉफ्टवेअर पुरतं. आत्ताच नाव नोंदवून ठेवा.

वास्तुशांतीला केंब्रिजहून गुरुजी मिळतात, ऑनलाइनसुद्धा करतात. आमंत्रण पाठवताना पत्ता नीट लिहा, नकाशात रस्ता अजून आलेला नसतो. 'स्टर्लिंगच्या पुतळ्यापाशी डावीकडे' वगैरे लिहू नका, पुतळाही पुढच्या टप्प्यात आहे. आणि खाली, आहेर आणू नये या ओळीच्या जागी, येताना प्रत्येकाने दोन लिटर दूध, एक नारळ आणि जमल्यास दही आणावं, असं छापून टाका.