ह्याला येतं काय?

मला फक्त चमचाभर खत हवं होतं. चमचा म्हणजे तोही मिसळणाच्या डब्यातला बारका. त्यासाठी भर दुकानात, कपाळाला जेजुरीचा भंडारा फासलेल्या अवस्थेत, चार अनोळखी माणसांसमोर आपली उलटतपासणी होणार आहे हे आधी माहीत असतं तर मी गुपचूप ती ऑनलाइनची साडेतीनशे रुपयांची इवलीशी बाटली मागवून मोकळी झाले असते. पण त्या बाटलीच्या फोटोत मागच्या बाजूला बारीक अक्षरात एनपीके, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश, लिहिलेलं वाचलं आणि डोकंच फिरलं. म्हणजे शेतकरी जे किलोवर घेतात तेच पाण्यात कालवायचं, वर गोंडस कॅक्टसचं चित्र चिकटवायचं आणि आपल्याला अत्तराच्या भावात विकायचं.

तर बाल्कनीत एक जेडचं झाड आहे, शोभेचं. नवीन पानं बारकी यायला लागली होती. सोसायटीच्या बागप्रेमी ग्रुपवर विचारलं तर चहाचा चोथा, ताक, केळ्याच्या साली, अंड्याची टरफलं, कांद्याच्या सालींचं पाणी असा आख्खा स्वयंपाकघरातला केर सुचवून झाला, आणि एका काकूंनी तर गूळ-बेसन घातलेलं जीवामृतच सांगितलं, जे दोनशे लिटरच्या पिंपात करतात. अहो, माझी कुंडी चार इंची आहे! हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, खडकाळ उतारावर वाढणारं, त्याला ताक पाजलं तर ते सडेल नाहीतर मुंग्या तरी लागतील.

म्हणून जेजुरीहून परत येताना सासवडला गाडी थांबवायला लावली आणि एका कृषी केंद्रात शिरले. नवरा एसी लावून गाडीतच बसला, त्याचं शहाणपण मला नंतर कळलं.

आत पेंड, औषधं आणि गोणपाट यांचा मिळून एक उग्र वास. काउंटरवर एक गृहस्थ युरियासाठी मशीनवर अंगठा उमटवायच्या खटपटीत होते. अंगठा काही उमटत नव्हता, शर्टाला पुसून झाला, डोक्याला घासून झाला. जन्मभर मातीत राबून ज्या बोटांच्या रेषाच गेल्यात त्यांनाच सबसिडीच्या गोणीसाठी बोट दाखवा म्हणायचं, ही एक वेगळीच थट्टा. शेवटी उमटला. मग दुकानदाराने गोणीबरोबर एक हिरवी बाटली पुढे सरकवली, त्या गृहस्थांनी एक शब्द न बोलता पैसे दिले आणि गेले. मला वाटलं हवी असेल.

"एकोणीस एकोणीस आहे का?" मी शक्य तितक्या सराईतपणे विचारलं. म्हणजे तेच एनपीके, तिन्ही एकोणीस-एकोणीस टक्के.

"आहे ना मॅडम. पीक कोणतं?"

"जेड."

"काय?"

"जेड. शोभेचं असतं ते."

"पॉलिहाऊस का? किती एकर?"

"एक कुंडी," मी म्हणाले, आणि दुकानात एकदम शांतता.

इथे त्या काकांची एन्ट्री. पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अंजिराची पानं, पानांच्या मागच्या बाजूला तांबूस पुरळ. तांबेरा. ते औषध विचारायला थांबले होते आणि माझ्याआधी त्यांचा नंबर होता, पण आता त्यांना घाईच राहिली नाही. पिशवी काउंटरवर ठेवून ते माझ्याकडे पूर्ण वळले.

"फोटू हाय का?"

मी मूर्खासारखा फोन दिला. काकांनी फोटो मोठा केला, आडवा केला, चष्मा कपाळावर चढवून परत बघितला.

"ह्याला येतं काय?"

"काही नाही."

"फळ?"

"नाही."

"फूल?"

"येतं कधीतरी. बारीक, पांढरं. आमच्याकडे अजून आलं नाही."

"भाजी करत्यात का पानांची?"

"नाही हो."

"जनावर खातंय?"

"खाऊ नये. मांजर-कुत्र्याला बाधतं."

काकांनी फोन दुकानदाराला दाखवला, दुकानदाराने पोऱ्याला. पोऱ्या नुसताच हसला. त्याचं ते हसू अजून माझ्या डोक्यात जातं.

"मग ठिवलंय कशाला?"

आता काय सांगणार? छान दिसतं? उन्हात ठेवलं की पानांच्या कडा लालसर होतात? मी त्याऐवजी विज्ञानात शिरले. म्हटलं, काका, हे झाड वेगळं असतं, पानांत पाणी साठवतं, आणि बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात तशी हे रात्री उघडतं, दिवसा उघडली तर उन्हाने पाणी उडून जाईल ना, म्हणून.

"म्हंजी रात्रपाळी," काका गंभीरपणे म्हणाले. "मग खत बी रात्रीच घालायचं?"

पोऱ्या पुन्हा हसला.

"आणि घालायचं किती?"

ह्या प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायला नको होतं. पण बोलून गेले. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, त्यातलं पाव लिटर कुंडीला, वर्षातून दोन-तीनदा, तेही माती आधी ओली करून आणि पावसाळ्यात अजिबात नाही. जास्त झालं की झाड नुसतं उंच, लुळं वाढतं, कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर बसतो, मुळं जळतात. दुकानदाराने तोवर कॅल्क्युलेटर ओढलाच होता. किलोची पुडी म्हणजे आठ हजार डोस. वर्षाला तीन धरले तर दोन हजार सहाशे सहासष्ट वर्षं.

सातवाहनांच्या काळात कोणी ही पुडी फोडली असती तरी आज तळाशी थोडं उरलंच असतं.

"सुट्टं शंभर ग्रॅम द्या ना," मी म्हणाले.

"सुट्टं नाही देत मॅडम, सीलबंद असतं." आणि पुडीशेजारी ती हिरवी बाटली आली. सागरी शैवालाचा अर्क.

"हे मी मागितलं नाही."

"बरोबर घ्यावं लागतं. वरूनच तसं येतं."

असं सक्तीनं काही गळ्यात मारता येत नाही, लिंकिंगला बंदी आहे, हे मी पेपरात दर खरिपाला वाचते आणि पान उलटते. दुकानदाराला तसं सुनावलंही. तो म्हणाला, नका घेऊ, पुडी पण नका घेऊ. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर रिकाम्या हाताने गाडीत जायचं? दिले पैसे. म्हणजे ऑनलाइनच्या बाटलीपेक्षा जास्तच गेले, आणि वर पोऱ्याचं हसू फुकट.

बाहेर आले तर काका मागोमाग. "ताई, एवढ्याचं काय करनार तुमी? जरा ओल लागली की दगड हुतोय त्याचा. माझ्या एका फवारनीच्या पंपाला पाऊणशे ग्राम जातंय." पुढे काय झालं ते इतक्या पटकन झालं की सांगता येत नाही. काकांनी पुडी दाताने फोडली, अंजिराची पानं बाहेर काढली, त्या पिशवीत जवळजवळ सगळं खत ओतून घेतलं आणि तळाशी उरलेल्याची घडी घालून पुडी माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "काका, पैसे?"

"कशाचं? तुमाला चमचाभर पायजे हुतं, त्ये गावलं की."

ह्याला काय उत्तर असतं? निदान ती शैवालाची बाटली तरी घेऊन जा म्हणून मी हात पुढे केला, तर काका दोन पावलं मागे सरकले.

"छ्या, ती नगं. घरी तसल्या पाच पडल्यात."