कागदी बाप कसा निवडावा

1920 च्या सुमारास चीनच्या क्वांगतुंगमधून अमेरिकेला निघाला असाल, तर आधी जन्मदात्या बापाला विसरा. तो शेतकरी, म्हणजे निरुपयोगी. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना तिकडे मज्जाव आहे. व्यापारी चालतो, पण लाँड्रीचा मालक व्यापारी धरत नाहीत. नागरिकाच्या मुलाला मात्र अडवता येत नाही. तेव्हा नागरिक बाप विकत घ्यावा.

माल मुबलक आहे. 18 एप्रिल 1906 ला सान फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मागोमाग आग लागली, जन्माची दप्तरं जळाली आणि बऱ्याच चिन्यांना आपण इथेच जन्मल्याचं, म्हणजे अमेरिकेचे नागरिक असल्याचं, एकदम आठवलं. ही मंडळी गावी जाऊन आली की दर वेळी ‘मुलगा झाला’ अशी नोंद करतात. मुली क्वचितच होतात. या कागदावरच्या मुलांच्या जागा विकायला असतात. भाव साधारण वयाच्या वर्षाला 100 डॉलर. पैसे वाचवायला लहान वयाची जागा घेऊ नका, दाढी चुगली करते.

सौद्यात एक वही मिळते: अपेक्षित प्रश्नसंच. बोटीवर घोका आणि बंदर दिसायच्या आत समुद्रात टाका. एंजल आयलंडवर, म्हणजे सान फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावरच्या तपासणी केंद्रात, आधी जंतांसाठी शौचाचा नमुना घेतील, मग दुभाषा बसवून अधिकारी विचारतील: घराला पायऱ्या किती? विहीर कुठे? तिसऱ्या ओळीतलं दुसरं घर कोणाचं? तांदळाची कणगी कुठे? हेच प्रश्न बापालाही, वेगळं बसवून.

खऱ्या मुलांनी तर वही घ्यावीच. नापास व्हायचा धोका त्यांनाही आहे. बापाने घर सोडलं तेव्हा कणगी स्वयंपाकघरात होती, नंतर आईने ती माजघरात हलवली. दोघंही खरं बोलले, म्हणून तुम्ही परतीच्या बोटीवर.

निकालाला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर भिंतीवर कविता कोराव्यात, तशी प्रथाच आहे. उत्तर चुकल्याची शंका आली तर भटारखान्यातल्या चिनी आचाऱ्यांशी गोडीने वागा. सुट्टीवर शहरात गेले की तुमची चिठ्ठी कागदी बापाकडे तेच पोचवतात.

पास झालात तर नवं आडनाव जन्मभर वापरायचं. बायकोचे, पोरांचे कागदही त्याच नावाने. कबरीचा दगड घडवणाऱ्याला मात्र वेळेत सांगून ठेवा: इंग्रजीत विकतच्या बापाचं आडनाव कोर, चिनीत घरचं.